मापाचं पाणी

कपाटात कुलपाआड इतकं होतं: पेले अकरा, बाटल्या सहा, थर्मास एक, पातेली दोन आणि खोकल्याचं औषध मोजायचं एक चिमुकलं झाकण. ते झाकण दादाच्या धाकट्या बहिणीने कालच आत टाकलं, कारण तो त्यातूनही पाणी प्यायला लागला होता. ओट्यावर मोकळा राहिला होता फक्त जग. त्यावर तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या पेनाने तीन रेघा मारल्या होत्या. सकाळची, दुपारची, रात्रीची. रेघेच्या खाली उतरायचं नाही, असा घरचा कायदा.

यात दुष्टावा नव्हता. दोन वर्षांपूर्वी दादाला 'पी, पी' असे आवाज ऐकू यायचे, आणि तो इतकं पाणी प्यायला होता की अंगातलं मीठ उतरून त्याला झटका आला. पाण्यावर लक्ष ठेवा, असं मनोविकाराच्या डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. धाकटीचा जन्म प्रयोगशाळेत मापं भरण्यात गेलेला. लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

रविवारी सकाळी ती टेबल पुसायला गेली. परवा आणलेली फुलं माना टाकून बसली होती. फुलदाणी उचलली तर हलकी लागली. आत पाहिलं. तळाशी देठांचा हिरवट चिकटा, बाकी कोरडी ठणठणीत.

टेबलाशी तिचा नवरा रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेऊन बसला होता. दर रविवारी उपाशीपोटी बोट टोचायचं आणि आकडा घरभर ऐकवायचा, हा त्याचा नेम. "एकशे अठरा," तो म्हणाला, परीक्षेचा निकाल सांगावा तसा. समोर दादा बसला होता. त्याची पँट नाडीने आवळलेली होती. आवाजांवरच्या गोळ्यांनी फुगलेला तो या तीन महिन्यांत भराभर उतरला, आणि धाकटी ते येईल त्याला कौतुकाने सांगत होती. डॉक्टरांनाही तिनेच सांगितलं, चालणं वाढवलंय म्हणून. चालणं कसलं, खोली ते संडास, दिवसाला दोन कोस, असं नवरा घरी आल्यावर म्हणाला होता आणि दादासकट तिघंही हसले होते.

धाकटीने फुलदाणी दादापुढे आदळली.

"दादा, फुलांचं पाणी? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

फुलांनी आता दाद कुठे मागायची, असं काहीतरी नवरा पुटपुटला. दादा हसला नाही. त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, जीभ टाळूला चिकटत होती. शब्द एकेक सोडवून घेत तो बोलला.

"छोटे, ही ती तहान नाही."

"ती म्हणजे कुठली?"

"तेव्हा मला सांगायचे, पी म्हणून. आता कुणी सांगत नाही. सगळे गप्प आहेत. आता माझी मलाच लागते."

दादाच्या प्रत्येक बोलण्यावर धाकटीकडे उत्तर तयार असायचं. बरं बरं, नंतर बघू, गोळी घेतलीस का. आत्ता मात्र तिने फुलदाणी परत उचलली आणि तिच्या कोरड्या तळाकडे पाहिलं.

मागच्या आठवड्यात त्याची चादर दोनदा ओली झाली होती. तिने गादीवर प्लास्टिक अंथरलं आणि दिवसभर त्याच्याशी अबोला धरला. पंचेचाळिशीच्या माणसाला हे शोभतं का, असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली होती. आणि रक्ताची तपासणी. डॉक्टरांनी ती सहा महिन्यांपूर्वी लिहून दिली होती, या गोळ्या चालू असताना करावीच लागते असंही सांगितलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत तिनेच ती ढकलली. रांगेत बसलं की दादा मोठ्याने बोलतो, लोक वळून बघतात, आणि त्या लोकांत तिच्या कॉलेजातलं कुणी ना कुणी निघतंच. नवऱ्याच्या तपासण्यांची तारीख मात्र ती कधी चुकली नव्हती. सकाळी सातला दाराशी चपला घालून उभी असायची.

दादाने हात टेबलावर ठेवला आणि एक बोट पुढे केलं. तो दर रविवारी असंच करायचा. "जावईबापू, माझंही बघा की," असं म्हणायचा. आणि दर रविवारी नवरा म्हणायचा, "तुम्हाला कशाला हो, तुम्ही मुळातच गोड." ते ऐकून धाकटीलाही हसू यायचं. लहान मूल मोठ्यांची नक्कल करतं ना, तसं वाटायचं तिला.

आज दादाने नुसतं बोट धरून ठेवलं. नवऱ्याने मात्र सवयीने सुरुवात केली, "तुम्हाला कशाला..." आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. त्याने नवी सुई काढली. नवी पट्टी यंत्रात घातली, पण ती उलटी बसली; काढून पुन्हा घातली.

"टोचा हो," दादा म्हणाला. "मी हात नाही हलवत."

धाकटीने त्याचं मनगट धरलं. आधार द्यायला धरलं होतं, पण मनगट तिच्या दोन बोटांत सहज मावलं. कातडी कोरडी आणि गरम होती. तिला वर बघवेना, म्हणून ती बोटाकडेच बघत राहिली.

थेंब लगेच आला. पट्टीने तो ओढून घेतला. पडद्यावर आकडे उलटे उतरू लागले. पाच, चार, तीन, दोन, एक.

चारशे सत्त्याऐंशी.