देवकाबाईचा एक तास

"शेवटी त्रास तर नाई झाला ना देवकाबाईले?" पुंडलिकरावांनी आवाज खाली आणून विचारलं.

"तुमच्या मंडळानं देल्ला तेवढाच," अपेक्षा म्हणाली.

आंजीच्या भजन मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव तिच्या शाळेच्या फाटकाशी ताटकळत उभे होते. यावरूनच तिनं ओळखलं होतं की आता गरज त्यांना आहे. तिची आजी देवकाबाई बारा वर्षं मंडळाच्या दारात खंजिरी घेऊन गेली आणि बाराही वर्षं एकच उत्तर घेऊन परतली. बाईनं टाळ वाजवावे, खंजिरी पुरुषाची. अपेक्षानं तिची भजनं मोबाईलवरून टाकली, तर त्रेसष्ट जणांनी पाहिली. त्यात अर्धे घरचेच.

मग महिन्यापूर्वी देवकाबाई रोहण्याला लेकीकडे गेली, आणि अपेक्षानं चौकात तिचा हा मोठा फ्लेक्स लावला. फोटो, नाव आणि खाली 'आवाज ऐकत राहा'. आंजीच्या चौकात बाईचा फोटो लागला की लोक चप्पल काढून हात जोडतात. तसे जोडले. संध्याकाळी कोणीतरी हारही घातला. आठवड्यात तीच भजनं चार लाखांवर गेली. असा आवाज पुन्हा होणे नाही, असं लिहिणाऱ्यांत मंडळाचे सातही सभासद होते. अपेक्षा ते वाचून आधी हसली, मग तिचं डोकं जे तापलं ते उतरलंच नाही.

आता पुंडलिकरावांना मंडळाच्या भजन स्पर्धेच्या मंचाला देवकाबाईंचं नाव द्यायचं होतं. वर्ध्याहून कॅमेरेवाले यायचे होते. घरच्यांनी नुसतं फोटोजवळ बसावं, एवढीच विनंती. अपेक्षानं साफ नकार दिला. पहिला एक तास आमच्या घराचा, खंजिरी घरची बाईच वाजवेल, आणि हे मंडळाच्या कागदावर लिहून पाहिजे.

"तू वाजवशील काय, बेटा?"

"वाजवणारी आहे घरात. तुम्ही लिहा, काका."

आठ्या घालत का होईना, त्यांनी लिहिलं. शिक्काही मारला.

रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पुंडलिकरावांनी माईकवरून तो कागद वाचून दाखवला, सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं मौन पाळायला लावलं आणि स्वतः डोळे पुसले. ऐनवेळी हे फिरले, तर बारा वर्षं पुन्हा पाण्यात, हे अपेक्षाला ठाऊक होतं. ती मंचावर गेली, माईक बसून गाणाऱ्याच्या उंचीवर खाली आणला आणि बाजूला झाली.

बायांच्या रांगेतून, पदर नाकापर्यंत ओढलेली एक म्हातारी उठली. पायऱ्या चढून ऐसपैस बसली, खंजिरी मांडीवर घेतली आणि पदर मागे सारला.

"पुंडलिक," देवकाबाई म्हणाली, "एक तास लेहून देल्ला ना मले? मंग तुह्या मौनाचे दोन मिनिटं त्याच्यात धरू नोको."