लाखातले दोघे

मोशीत मालोजीनं ज्योतीरामला हाताला धरून थेट गादीवर, पाहुण्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. गुरुवार होता. पिंपरीच्या कंपन्या गुरुवारी बंद, म्हणून मुलगी बघायला यायचा वारही तोच. धुतलेल्या कपड्यातला अनोळखी माणूस दारात उभा राहिला, तो मुलाकडचाच, असं मालोजीनं धरलं. मुलाकडच्यांना वाटलं, हा मुलीकडचा असणार.

ज्योतीराम आला होता मालोजीच्या बायकोला, चतुराबाईंना भेटायला. दुपार कलली की त्याच्या पापण्या मिटायच्या, जीभ जड व्हायची, जबडा थकायचा. कंपनीत त्याच्या खात्यात सगळे म्हणत, प्यालाय. बायकोही तेच म्हणू लागली. शेवटी बिचारा स्वतःच तळहातावर फुंकर मारून वास घेऊन बघू लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं. "लाखात एखाद्याला होतो," ते म्हणाले. "माझ्याकडं अजून एकच पेशंट आहे, मोशीच्या चतुराबाई. भेटा त्यांना. आपल्यासारखं दुसरं कुणी दिसलं की जीव हलका होतो."

म्हणून तो सायकल मारत आला होता. धड बोलता यावं म्हणून निघताना गोळी घेतली होती. तिचा जोर दोन-अडीच तासांचा. पण पोहे आले, मुलगी आली, तिला नाव विचारून झालं, तिचं विणकाम हातोहात फिरलं. पोह्यांचा घास त्याच्या गालात तसाच राहिला. डावी पापणी उतरू लागली.

मग चतुराबाई चहा घेऊन आल्या. पदर कपाळावर ओढलेला, पण हनुवटी वर. मिटत्या पापण्यांखालून बघायला मान अशी धरावी लागते, ते त्या खोलीत ज्योतीरामला नेमकं ठाऊक होतं. त्याला भरून आलं.

"मावशी," तो उठून म्हणाला, "डॉक्टरांनी धाडलंय मला. तुमचं जे दुखणं, त्येच मला हाय."

मुलाच्या मामानं बशी खाली ठेवली. "कसलं दुखणं?"

ज्योतीरामला समजावून सांगायचं होतं. पण जीभ वळेना. तोंडातून नुसता घोळ बाहेर पडला.

चतुराबाईंनी एकदा दाराशी उभ्या लेकीकडं बघितलं.

"आमच्यात कुनाला काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. "प्यालेला हाय त्यो. वास न्हाई का येत तुमास्नी?"

बायकोनं म्हणावं, सुपरवायझरनं म्हणावं. पण या बाईनं म्हणावं?

मामानं नाक ओढलं. "मगाधरनं येतोय," तो म्हणाला.

पाहुण्यांतल्या दोघांनी ज्योतीरामला बखोटीला धरून रस्त्यावर आणलं आणि सायकल हातात दिली. त्यानं मागं बघितलं. चतुराबाई दारात आल्या होत्या. पदराआडून एका बोटानं पापणी उचलून त्या त्याच्याकडं बघत होत्या. मग आतून कुणी हाक मारली आणि त्या गेल्या.

ज्योतीरामनं तळहात तोंडापुढं धरून फुंकर मारली. या खेपेला त्याला वास आला.