चाकातून आलेलं आडनाव

“टाकलेल्या पोरांच्या खानदानात माझी मुलगी जाणार नाही!” डॉन सबातो कापुआनो स्वतःच्याच दुकानाच्या मधोमध उभा राहून ओरडला. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. गव्हाच्या आणि रिकोटा चीजच्या पास्तिएरा केकसाठी दाराबाहेरपर्यंत रांग होती. एवढ्या लोकांदेखत बोलायची त्याला लाज वाटली नाही. खोकी बांधणाऱ्या त्याच्या मुलीचे, इम्माचे, हात जागच्या जागी थांबले.

भट्टीवरच्या पास्क्वाले एस्पोझितोचं डोकं भणाणलं. सात वर्षं तो या माणसाच्या भट्टीसमोर भाजून निघत होता. इम्माशी लग्न करायची परवानगी मागितली, म्हणून हे ऐकून घ्यायचं?

एस्पोझितो म्हणजे उघड्यावर ठेवलेलं. नेपल्सच्या अनाथाश्रमाच्या भिंतीत पूर्वी एक पेटीसारखं पोकळ लाकडी चाक होतं. बाहेरून कुणी तान्हं पोर त्यात ठेवायचं, चाक फिरवायचं आणि निघून जायचं. आतल्या नन ते उचलून घ्यायच्या. बापाचा पत्ता नाही, म्हणून सगळ्यांना हे एकच आडनाव. पास्क्वालेचा खापरपणजा असाच आत आला होता. आता या शहरात कुठल्याही गल्लीत ‘एस्पोझितो!’ अशी हाक मारा, चार खिडक्या उघडतात.

“मला काय वाट्टेल ते बोला, डॉन सबातो,” पास्क्वाले म्हणाला. “पण त्या तान्ह्या पोरानं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“इम्माचा प्रश्नच नाही. आपल्यात बाईचं आडनाव लग्नानं बदलत नाही, ती मरेपर्यंत कापुआनोच राहील. पण माझी नातवंडं? ती एस्पोझितो होणार! छे! माझ्या दुकानात एकही एस्पोझितो नको. चालता हो!”

पास्क्वालेनं एप्रन काढून फेकला.

“मग मलाही निघायला हवं,” काउंटरवरची आसुन्ता म्हणाली. “मीही एस्पोझितोच.” भांडी घासणारा म्हातारा नांदो हात पुसत तिच्या मागे आला. रांगेतल्या दोन बायकांनी ‘आम्हीही एस्पोझितो’ म्हणत हातातली खोकी काउंटरवर आदळली.

सबातोचा चेहरा पडला. पण माघार घेईल तर तो सबातो कसला! “जा, सगळे जा!”

तेव्हा गल्ल्यावर बसलेली त्याची बायको, दोन्ना तितीना, उठली. बाई आपली समजूत घालणार, असं पास्क्वालेला वाटलं. तिनं शांतपणे एप्रनची गाठ सोडली.

“तू कुठे निघालीस?” सबातोनं विचारलं.

“बाईचं आडनाव लग्नानं बदलत नाही, तूच म्हणालास ना? मग माझं तरी कसं बदलेल?” ती भट्टीकडे वळली. “पास्क्वाले, विस्तव विझव. ही भट्टी माझ्या बापाची, एस्पोझितोची. आपण सगळे जायचं, तर ती इथे एकटी कशाला ठेवायची?”