टेकडीची उंची

अण्णांनी चष्मा पुसला आणि टॅबलेट जवळ ओढला. कुमुदिनीबाई श्वास रोखून थोरल्या भावाकडे पाहत होत्या. निसर्गचित्रं काढायचं ते सॉफ्टवेअर त्या महिनाभर हौसेनं शिकल्या होत्या, पण चित्र एकच काढायचं होतं, साठ वर्षांपूर्वी धरणात बुडालेल्या माहेराचं. गावाचा एकही फोटो नव्हता. गाव नीट आठवणारे आता अण्णाच तेवढे उरले होते. त्यांनीच ते ओळखलं नाही तर?

"नदी बरोबर. देऊळही," अण्णा म्हणाले. "पण टेकडी कुठली आणलीस? आपली केवढीशी होती."

"चांगली उंच होती, अण्णा."

"सहा वर्षांची होतीस, कुमे. तुला घराचं जोतंही उंच वाटायचं."

त्या हिरमुसल्या. बोटानं टेकडी खाली खाली दाबत गेल्या. "आता?"

अण्णांनी टॅबलेट आणखी जवळ घेतला. मग हळूच म्हणाले, "गाव सोडलं त्या दिवशी आजीला पाठीवर घेऊन मी हीच चढलो होतो."

त्यांनी स्वतःच काचेवर बोट टेकवलं आणि टेकडी वर उचलली. बहिणीच्या टेकडीपेक्षाही बोटभर उंच.