शेवाळाचा दिवा

समुद्री माशांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या सिल्व्हियाला फिशटँकखालच्या टाकीत घाण शोषून घेणारं शेवाळ वाढवायचं होतं. श्रीरामपुरातल्या दिव्यांच्या दुकानात ती आली की दुकानदार अँड्र्यूच्या हातून बल्बचे होल्डरच निसटायचे. शेवाळाला लालसर दिवा लागतो हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं आधी पिवळा दिला, मग हिरवा. ती पुन्हा पुन्हा "वाढत नाही हो," म्हणत यायची, आणि तो "मॅडम, आता हा लावून बघा," म्हणत खुशीत बदलून द्यायचा.

शेवटी माशांची दया येऊन त्यानं लाल दिवा दिला. आता ती कशाला येतेय, म्हणून तो तोंड पाडून बसला.

तेवढ्यात ती हसू दाबत समोर उभी राहिली.



"अहो, शेवाळ फारच माजलंय. ते कमी करणारा एखादा दिवा आहे का?"