साडूची जाळी

सासऱ्यांच्या फायरप्लेसच्या कारखान्यात आम्ही दोघे जावई कामाला. लहान मुलांना भाजू नये म्हणून दोघांनीही विस्तवापुढे बसवायची जाळी तयार केली आणि सासऱ्यांनी साडूची निवडली. त्याने काय केलं, तर एकाऐवजी दोन जाळ्या लावून मध्ये चार सेंटिमीटर हवा खेळती ठेवली. बस्स, एवढंच!

"इतक्या आचेला ही तापणारच," मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो आणि पेटत्या विस्तवापुढे बसवलेल्या त्याच्या जाळीवर तळहात टेकवला. हात भाजला असता, तर माझी जाळी बाजारात गेली असती. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, तरी जाळी कोमटच.

"साडूभाऊ, काढा आता हात," साडू हसत म्हणाला, "नाहीतर उभ्या उभ्या झोप लागेल."

हात न भाजल्याचं एवढं दुःख मला आयुष्यात झालं नव्हतं.



आता प्रत्येक खोक्यावर सासऱ्यांनी त्या वेळी काढलेला माझा फोटो आहे आणि खाली साडूने सुचवलेली ओळ : 'आत कितीही जळू दे, बाहेर चटका नाही!'