तिसरं घर

"हे आपलंच सैपाकघर आहे ना?"

पाठीमागून सासूबाईंचा, कुंदाताईंचा आवाज आला आणि अबोलीचा हात लॅपटॉप मिटायला गेला. पण उशीर झाला होता. पडद्यावर मांडणी होती, तिच्यातली पितळी परात होती, फ्रीजवरचं क्रोशाचं झाकणसुद्धा होतं.

"गेम आहे, आई. परवा स्पर्धेला पाठवायचाय. घरात लपत लपत, आवाज न करता दारापर्यंत पोचायचं. पहिलं घर अमरावतीचं, माझ्या माहेरचं. दुसरं मैत्रिणीचा फ्लॅट. आणि हे तिसरं."

"लपायचं कोणापासून?"

"एक बाई आहे. दिसत नाही. नुसती चालते."

कुंदाताईंनी स्टूल ओढलं, चष्मा पदरानं पुसला. "दाखव बरं मले. आन् तो कूलर बंद कर, ऐकू येत नाही काही."

लग्नाला सहा महिने झाले होते. शुभम ऑफिसला गेला की घरात दोघीच. कुंदाताई पुढच्या खोलीत, अबोली इथं आपल्या खोलीत दार लोटून. त्या स्टुलावर सासूबाई आज पहिल्यांदाच बसल्या होत्या. अबोलीनं कूलर बंद केला आणि कुठलं बटण कशाचं ते सांगितलं.

अबोलीच्या मित्रांपैकी कोणीही या घरात दोन मिनिटांवर टिकलं नव्हतं. कुणी भांड्यांना धडकलं, कुणी घाबरून धावत सुटलं. कुंदाताई भिंतीच्या कडेकडेनं गेल्या. डुगडुगणारी फरशी त्यांनी न सांगता टाळली. पावलं वाजू लागली तशा त्या धान्याच्या कोठीमागच्या फटीत शिरल्या. ती फट अबोलीनं खऱ्या घरात होती म्हणून ठेवली होती. तिथं कोणी लपेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तिथं मावतं माणूस?"

"मावते. नवी होती तवा मी तिथंच बसत होती. तुही आजेसासू दुपारची उठली का काही ना काही काम काढे. बांगड्या वाजल्या का मी कोठीमागं." कुंदाताई हसल्या.

पावलं जवळ आली. चपलेचं एक फट्, मग दुसरं पाऊल घासत. फट्, घासत. कुंदाताईंचं बोट बटणावरून उचललं गेलं. त्यांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"ह्या माह्याच चपला आहेत का?"

आवाज नेटवर मिळतात, असं सांगता आलं असतं. अबोलीच्या ओठावर आलंही होतं.

"हो," ती म्हणाली. "फोनवर रेकॉर्ड केल्या. तुम्हाला न विचारता. मी काढून टाकते, आई."

गेममधली पावलं कोठीशी येऊन थांबली होती. खोलीत दोघीही हलल्या नाहीत. मग ती पावलं वळली आणि सावकाश पुढच्या खोलीकडे जाऊ लागली.

"आता निघा," अबोली बारीक आवाजात म्हणाली. "दार उघडं आहे."

कुंदाताई दाराकडे गेल्याच नाहीत. कोठीमागून निघून त्या पावलांच्या मागं मागं चालत राहिल्या. सैपाकघर, बोळ, पुढची खोली, पुन्हा बोळ. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. बोळात कोणी नव्हतं. अबोलीच्या कपाळावर घाम आला होता, पण कूलर लावायला ती उठली नाही.

"दिवसभर अशीच फिरते का ही?"

"हो. तिला तेवढंच येतं."

कुंदाताईंनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "चपला राहू दे. फक्त एक खुर्ची ठेव तिच्यासाठी. गुडघा दुखते तिचा."

"कुठं ठेवू?"

"तुह्या खोलीत. मंग कशाले हिंडते ती."